खो ऐकू आला पाहिजे

१९ नोव्हेंबर २०१८

शिटी वाजवली, सगळ्या मुली थांबल्या, ती पळतच राहिली.

नवीन आलीय पाचवीत. रत्नमाला. सोयगावकडची. आईबाप मेंढरं घेऊन गंगापूरच्या बाजूला उतरलेत – तिकडं गोदावरीच्या अंगाला अजून थोडा चारा आहे म्हणे. हिला आत्याकडं ठेवलंय. आत्या, चंपाबाई, शाळेमागं जी नवी बिल्डिंग उठतेय तिथं कामाला आहे.

मी ओरडले, "शिटी कुणासाठी वाजवतेय मी?" तिनं वळूनही पाहिलं नाही. पार टोकापर्यंत गेली, तिथं वळली, सगळ्या उभ्या दिसल्या तशी जागीच थिजली. आता मार बसणार, असा चेहरा.

खेळाच्या तासाला आजवर बऱ्याच मुलींना रागावलेय. आज तो चेहरा पाहून नुसतं हातानं जवळ बोलावलं.

२१ नोव्हेंबर

विश्वजित सरांना विचारलं. पाचवी त्यांच्याकडं आहे, आणि शाळेला मिळालेले टॅबही तेच सांभाळतात. त्यांनी टॅब उघडून दाखवला. रत्नमालाच्या नावापुढं सगळं लाल.

"भाषा लाल, गणित लाल. मी काय करू, मॅडम? बाकीची पोरं बघा, टॅब आल्यापासून कशी पळतायत. ही नुसती बघत बसते."

नुसती बघत बसते. घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात.

२२ नोव्हेंबर

कळलं. मला नाही, आमच्या कॅप्टनला कळलं – सातवीतल्या नाझनीनला.

खो-खोला एक मुलगी कमी होती म्हणून रत्नमालाला मधे बसवलं. डाव संपल्यावर नाझनीन माझ्याकडं आली. "मॅडम, उसको आवाज नै जाता. मैं पीछे से कित्ता चिल्लायी. पन पीठ को हात लगाया की ऐसी उठती, पूछो मत."

मी रत्नमालाच्या मागं जाऊन उभी राहिले. टाळी वाजवली. काही नाही. नावानं हाक मारली. काही नाही. मग जमिनीवर जोरात पाय आपटला – यंदा मैदान नुसतं दगड झालंय – तशी ती झटकन वळली.

पाचवीपर्यंत आली ही मुलगी. कुणीच कसं पाय आपटून पाहिलं नाही?

२३ नोव्हेंबर

विश्वजित सरांना सांगितलं. टॅब घेऊन बसले, एक एक धडा उघडत गेले. बाईचा गोड आवाज – "बघा बरं, टोपलीत किती आंबे आहेत?" प्रश्न सगळे बोलून विचारलेले. पडद्यावर फक्त आंबे.

"मशीन बोलत होतं आणि ती आंबे बघत होती," ते म्हणाले. "आणि मी लाल रंग दिसला की पुढच्या पोराकडं जात होतो."

सेटिंगमध्ये शोधून शोधून प्रश्न लिहून दाखवायची सोय सापडली. ती आधीपासून होती. रत्नमालाला पुढ्यात बसवलं. वाचायला तिला वेळ लागतो, अक्षरावर बोट ठेवून जाते. पण वजाबाकी सगळी बरोबर. पडदा हिरवा झाला, तिनं आमच्याकडं बघितलं. हिरवं म्हणजे काय, हेच तिला माहीत नव्हतं. विश्वजित सरांनी अंगठा वर केला.

मग तिनं टॅब सोडलाच नाही.

२६ नोव्हेंबर

चंपाबाईला भेटले. वाळू चाळत होती. हात थांबवले नाहीत तिनं.

"जन्मापासूनच तसं हाय, मॅडम. गावात मुकीच म्हणत्यात. पर समजतं तिला. लई समजतं. मी कामावरून दमून आले की न सांगता पाणी आणून देती."

"दवाखान्यात दाखवलंय कधी?"

"मेंढरामागं फिरणाऱ्याला कुठला दवाखाना? आज हितं, उद्या तिथं."

घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरवलं. चंपाबाईनं आधी मान हलवली, मग विचारलं, "दुखंल का तिला?"

४ डिसेंबर

घाटीत तपासणी झाली. कानाला यंत्रं लावून काचेच्या खोलीत बसवलं. अगदी मोठे आवाज थोडे जातात, बाकी नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, श्रवणयंत्रासाठी नाव घालू, यायला वेळ लागेल. यंत्र आलं तरी सगळं ऐकू येईल असं समजू नका. फार लहानपणी आणलं असतं तर बोलणं सोपं गेलं असतं. तरी घसा चांगला आहे, शिकवा.

"शाळेत काय आवडतं हिला?" त्यांनी विचारलं.

"खो-खो," मी म्हणाले.

"मग तिथूनच सुरू करा."

११ डिसेंबर

नळाला पाणी नाही. नवरा, मंदार, ऑफिसला जायचा तो टँकरच्या मागं. मैदानावर शिंपडायला कुठून आणू? मुलींचे गुडघे सोलून निघतायत.

१३ डिसेंबर

चंपाबाईनं मुकादमाला विचारून चाळलेली बारीक वाळू घमेल्यानं आणून दिली. मुलींनी खांबापासून खांबापर्यंत पसरली. रत्नमाला सगळ्यांत पुढं.

१८ डिसेंबर

अडचण आहे ती वेगळीच. रत्नमाला उठते विजेसारखी, वळते छान, सूर मारायला घाबरत नाही. पण समोरच्या मुलीला खो देताना नुसता हात लावते. तोंडातून आवाज नाही. सरावात चालतं. फेब्रुवारीत स्पर्धा आहे, तिथं पाठीला हात आणि तोंडानं खो, दोन्ही पाहिजे, नाहीतर फाऊल.

मी तिला राखीव ठेवायचं मनात आणलं होतं. नाझनीनला बोलून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "राखीव कायको? सिखाते ना."

२० डिसेंबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचाय.

विश्वजित सरांनी टॅबवर एक साधं ॲप घातलंय. आवाज झाला की पडद्यावरची रेघ वर उसळते, बस. मैदानावर टॅब नेतो म्हटल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "टॅब अभ्यासासाठी आहे, मैदानासाठी नाही. धूळ गेली आत तर?"

"सर, बोलायला शिकणं अभ्यासच आहे की," विश्वजित सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी जरा विचार केला. मग स्वतःच कपाटातून एक पारदर्शक पिशवी काढून दिली. "यात घालून न्या."

तर टॅब पिशवीत, आणि सगळ्या मुली त्याच्याभोवती. नाझनीन म्हणाली "खो" – रेघेचा डोंगर झाला. रत्नमाला बघत राहिली. नाझनीननं तिचा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि पुन्हा म्हणाली. पुन्हा डोंगर. मग रत्नमालाची पाळी. तिनं तोंड उघडलं. रेघ सपाट. पुन्हा उघडलं. सपाट.

एकीनं तिची नक्कल केली – तोंड माशासारखं उघडून. मी रागवणार तेवढ्यात रत्नमालालाच हसू आलं. खळखळून हसली. आणि पडद्यावर डोंगरच डोंगर!

तिनं हसू आवरलं, रेघ खाली. मुद्दाम हसली, रेघ वर. मग कळलं तिला. स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला. टॅबकडं बघून म्हणाली, "ओ."

"ओ" म्हणाली. खो नाही. पण डोंगर झाला.

२ जानेवारी २०१९

अजून "ओ". ख येत नाही. नाझनीन तिच्या तळहातावर ख म्हणून फुंकर मारून दाखवते. हवा लागते ते तिला समजतं.

९ जानेवारी

"ह्हो." जवळ आलंय.

१५ जानेवारी

संक्रांत. पोरींनी एकमेकींना तिळगूळ दिला. रत्नमाला प्रत्येकीच्या तळहातावर तिळगूळ ठेवताना म्हणत होती, "खो." सगळ्या हसत होत्या, तीही. पण ख आला.

२२ जानेवारी

तिचे वडील आले. मल्हारराव. उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, मैदानाच्या कडेला उभे. आधी मला वाटलं लेकीला भेटायला आलेत.

"न्यायला आलोय, मॅडम. मेंढरं राखाया माणूस कमी पडतंय. चारा मिळंना, रोज नवी जागा धुंडाळावी लागती."

मी म्हटलं, "शाळा बुडेल तिची."

ते शांतपणे म्हणाले. रागानं अजिबात नाही. "हिला ऐकाया येत नाय. शाळेत काय करणार? मेंढरामागं बोलाया लागत नाय कुणाला. तिथं तिला कुणी हसत नाय."

तेही लेकीच्या काळजीनंच बोलत होते. मी म्हटलं, "जरा बसा. डाव बघून जा."

बसले. रत्नमालाला ते आलेलं माहीत नव्हतं. नाझनीननं तिच्या पाठीला हात लावला, ती उठली, खांबाला वळसा घातला, पळणारी निसटतेय म्हणताना बसलेल्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून ओरडली, "खो!"

जाडसर, थोडा फाटका आवाज. मल्हारराव उठून उभे राहिले.

"हा हिचा आवाज व्हय?"

"हो."

त्यांनी घोंगडी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. डाव संपल्यावर रत्नमालानं त्यांना पाहिलं आणि धावत आली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जाताना मला म्हणाले, "तुमची ती स्पर्धा होऊ द्या. मग बघू."

३० जानेवारी

गणितात आता लाल दिसत नाही. भाषेत दिसतं, पण कमी. विश्वजित सर बाकीच्या पोरांचे लाल रंगही एक एक उघडून बघायला लागलेत. एकाला फळ्यावरचं दिसत नाही, असं निघालं.

८ फेब्रुवारी

उद्या गारखेड्याच्या क्रीडा संकुलात सामना. पंच बद्रीनाथ सर, त्यांना भेटून रत्नमालाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, मला कौतुक आहे. पण खो ऐकू आला पाहिजे. तिच्यासाठी नियम वाकवला तर तिचाच अपमान होईल."

खरं तर मला सवलत हवी होती. परत येताना वाटलं, बरं झालं नाही दिली.

९ फेब्रुवारी

हरलो. एका गड्यानं.

समोर आपल्याच शहरातल्या सातारा परिसरातली मोठी शाळा. सगळ्यांचे बूट सारखे. त्यांची कॅप्टन स्वरदा, लांब वेणी, हरणासारखी चपळ. आमची आक्रमणाची पाळी आली. रत्नमालाचे पहिले खो स्वच्छ आले. बद्रीनाथ सर तिच्या जवळून पळत होते, कान देऊन.

मग ती दमली. स्वरदाचा पाठलाग चालला होता. रत्नमालाला खो मिळाला, पळाली, पुढच्या मुलीला खो दिला – हात लागला, आवाज निघालाच नाही. शिटी. फाऊल. पुढची मुलगी जागेवरून हललीच नाही, आणि रत्नमालाला शिटी ऐकू आली नाही. तिला वाटलं, पुढची उठली नाही म्हणजे अजून आपलीच पाळी. फाऊल झाला की उलट्या बाजूला वळायचं असतं; ती पळतच सुटली, स्वरदाच्या मागं, चुकीच्या दिशेनं. प्रेक्षकांत हशा. मी कडेवरून हात हलवतेय, ती माझ्याकडं बघेल कशाला?

तेव्हा स्वरदा थांबली. पळता पळता थांबली, वळली, आणि एक हात सरळ वर केला. रत्नमाला तिच्यापासून हातभर अंतरावर. नुसता हात पुढं केला असता तर शिवली असती. तीही थांबली. स्वरदानं पंचांकडं बोट दाखवलं. बद्रीनाथ सरांनी दिशा दाखवली. रत्नमालाला समजलं, तिनं मान डोलावली, उलट्या बाजूला पळाली. आणि ती वळल्याबरोबर स्वरदा पुन्हा पळायला लागली, पूर्वीइतक्याच जोरात.

त्यांचे सर कडेवरून ओरडले, "डावात थांबतात का, स्वरदा?"

ती पळता पळताच म्हणाली, "शिटी झाली होती, सर."

त्यानंतर जेव्हा जेव्हा शिटी वाजली, कडेला बसलेल्या त्यांच्या मुली हात वर करायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. मग आमच्याही करायला लागल्या. शेवटी बद्रीनाथ सरांनी शिटीबरोबर स्वतःचा हात वर न्यायला सुरुवात केली. आता हशा नव्हता.

रत्नमालानं त्यानंतर दोघींना बाद केलं. स्वरदा काही सापडली नाही. सामना संपल्यावर स्वरदा आमच्याकडं आली, रत्नमालाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "खो." आणि हसली. मग दोघी टॅबवर तोंडं वाकडी करत बसल्या, कुणाचा डोंगर मोठा होतो ते बघत. विश्वजित सर पिशवी शोधत होते.

१० फेब्रुवारी

गुडघा दुखतोय. कडेला उभं राहून एवढा दुखायला नको होता.

२५ फेब्रुवारी

मल्हाररावांचा चंपाबाईच्या फोनवर निरोप – राहू द्या तिथंच. चंपाबाई सांगताना चाळणी बाजूला ठेवून उभी राहिली.

१९ मार्च

श्रवणयंत्र आलं. लावल्यावर रत्नमाला घाबरली, काढून टाकलं. पुन्हा लावलं. टँकरचा हॉर्न वाजला तशी वळून बघितलं – आवाज म्हणजे हाच का, असं. मग वर्गभर टकटक करत फिरली. बाक, दार, खिडकी. कुणी अडवलं नाही.

११ एप्रिल

चाळीसच्या पुढं ऊन. सराव बंद.

२९ एप्रिल

रत्नमालाची आई शाळेत आली होती. सखूबाई. प्रथमच भेटली. गंगापूरहून जीपनं आली, कडेवर वर्षाचं पोर. लेकीला कवटाळलं, तिच्या कानातलं यंत्र बोटानं हळूच चाचपलं. तिला बाहेर खेळायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

मग पोराच्या डोक्यामागं हात नेऊन टाळी वाजवली. जोरात. पोर माझ्या शिटीच्या दोरीशी खेळत राहिलं.

"कुणालाच सांगितलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "ह्याच्या बापालाबी नाय. हा अजून लहान हाय. ह्याचं व्हईल ना?"

उद्या सकाळी घाटीत.