ह्यांच्या पाठोपाठ

३ फेब्रुवारी
खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, मध्ये एक टेबल, एक खिडकी. ती उघडत नाही. हे म्हणाले, "छान आहे गं, नाही?" ह्यांना वर्षभर सगळंच छान वाटतंय. बँकेची नोकरी मुदतीआधी सोडली, ते छान. राहतं घर भाड्याने दिलं, ते छान. लेक मावशीकडे राहून कॉलेज करणार, तेही छान! आता इथे परदेशात मिशनरी व्हायचं शिक्षण घ्यायचं आणि पुढे प्रभू पाठवेल तिकडे जायचं. पाचारण, म्हणजे देवाची हाक, ह्यांना झालंय. मी ह्यांच्या पाठोपाठ आले. दर बदलीला भांडी गोण्यांत भरून जायची, तशीच.

संध्याकाळी सगळ्यांची एकत्र प्रार्थना झाली. सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. म्हटलं, प्रभू, ह्यांना नापास कर आणि आम्हांला घरी ने.

हे फक्त इथे लिहितेय. ह्यांना कळलं तर जेवणार नाहीत.

४ फेब्रुवारी
थंडी. जेवायला सगळं उकडलेलं. हे म्हणाले, "पचायला हलकं." म्हणजे छान!

९ फेब्रुवारी
आज कामं वाटली. इथे नोकरचाकर कोणी नाही, जो शिकायला आला त्यानेच झाडायचं, रांधायचं, धुवायचं. घर चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या, नर्स होत्या. सगळं आयुष्य कुठल्या कुठल्या देशांत काढलंय. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण मी त्यांना मनात मोठ्या बाई म्हणते. त्यांनी चष्मा लावून नावं वाचली. मला भांडी. ह्यांना वरच्या मजल्यावरचे संडास!

मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. बँकेत ह्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा शिपाई आणून द्यायचा.

लेकीला फोन केला. "बाबा संडास धुतात? आई, फोटो पाठव. आत्ता पाठव!" हसून हसून तिला ठसका लागला. मग एकदम म्हणाली, "तू बरी आहेस ना गं?" म्हटलं, मजेत आहे. फोन ठेवल्यावर नळ सोडून रडून घेतलं.

१७ फेब्रुवारी
भांड्यांना माझ्या जोडीला जी बाई दिलीय ती आधी ट्रक चालवायची. हो, ट्रक! दंड माझ्या मांडीएवढे. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, इंग्रजी दोघींचं सारखंच लंगडं. ती भांडी टबात बुडवते, त्याच फेसाच्या पाण्यातून काढते आणि पुसून ठेवते. विसळत नाही! मी नळाखाली धरलं की नळ बंद करते. मी सोडते. ती बंद करते. आज मी मराठीत म्हटलं, "अगं बाई, साबण पोटात गेला म्हणजे?" तीही तिच्या भाषेत कायसं म्हणाली, आशीर्वाद नक्कीच नव्हता. शेवटी दोघींच्या ओढाताणीत काचेचा मोठा वाडगा फुटला.

दोघींनी मिळून काचा वेचल्या. 

२ मार्च
आज साक्ष द्यायची होती. प्रत्येकाने उठून आपल्याला देवाने कसं बोलावलं ते सांगायचं. एका सुताराला अपघातातून उठल्यावर हाक आली. एका जोडप्याला एकाच दिवशी बायबलमधलं एकच वचन मिळालं. हे उठले, फार सुंदर बोलले, मलाही भरून आलं.

मग माझी पाळी. काय सांगणार? रचून सांगता आलं असतं, इतक्या साक्षी ऐकल्यात जन्मभर. उभी राहिले.  म्हटलं, "मला कोणी बोलावलं नाही. ह्यांना बोलावलं, म्हणून मी आले. मला स्वयंपाक येतो, बालवाडी चालवता येते. एवढंच." आणि बसले.

 ह्यांचा चेहरा पडला. मोठ्या बाई म्हणाल्या, "आज खरं बोलायला जागा झाली, त्याबद्दल प्रभूचे आभार. पुढचे कोण?"

३ मार्च
हे बोलत नाहीयेत. ट्रकवालीने दुपारी माझ्या ताटात न मागता एक जास्तीचा बटाटा वाढला. का, कोण जाणे!

२० मार्च
सकाळी इथे एक तास शांत बसायचं असतं. वचन वाचायचं आणि गप्प राहायचं. सुरुवातीला मी त्या तासात लेकीचे कपडे, गॅसची टाकी, भाडेकरू, सगळं करून यायचे. आता तसं होत नाही. आज तर वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा रागच आला! संसाराला लागल्यापासून मला एक तास कोणी गप्प बसू दिलं होतं? कुकरच्या शिट्टीत आणि दाराच्या बेलमध्ये जेवढी मावली तेवढी माझी प्रार्थना. इथे आले म्हणून कळलं की देवाशी बोलताना मध्ये श्वास घेता येतो.

आभार, प्रभू. खिडकी न उघडणाऱ्या खोलीबद्दलसुद्धा. (हेही आता बोलायला लागलेत. संडास मात्र असे लख्ख ठेवतात की लोक मुद्दाम वरच्या मजल्यावर येतात.)

१२ एप्रिल
ह्यांचा पहिला उपदेश. जवळच्या एका छोट्या चर्चमध्ये. आठवडाभर आरशासमोर तयारी चालली होती. माणसं चांगली जमली होती. मला वाटलं, झकास झाला. नंतर शिकवणारे पाळक चहा घेता घेता म्हणाले, "ब्रदर, तुमच्या उपदेशात तुम्ही पुष्कळ भेटलात. प्रभू कुठे दिसला नाही."

ह्यांचे कान लाल झाले. "थँक यू," म्हणाले.  खोलीत आल्यावर कोट काढला, बाह्या वर केल्या आणि संडास धुवायला गेले. आज ह्यांचा वार नव्हता.

२ मे
ट्रकवालीची आई गेली. सकाळी फोन आला. तिचं गाव इथून इतकं लांब की निघाली तरी मातीला पोचणार नव्हती. तिने न जायचं ठरवलं आणि कपडे धुवायच्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

एकेक जण आत जात होता आणि परत येत होता. सुतार वचन वाचून आला. हेही दोन वचनं कागदावर लिहून घेऊन गेले, तिच्या भाषेतली, शोधून शोधून. तिने ह्यांना हाताला धरून बाहेर काढलं. हे बिचारे कागद धरून तसेच उभे!

मी गेले ती सांत्वनाला नव्हे. शनिवार होता, सगळ्या घराच्या चादरी वाळून पडल्या होत्या, संध्याकाळी अंथरायला हव्या होत्या. ती ढिगावरच बसली होती. मी तिच्याखालून एक चादर ओढली, दोन टोकं तिच्या हातात दिली, दोन मी धरली. ती उठली. झटकली, जुळवली, जवळ आलो, लांब गेलो. दुसरी. मग तिसरी. तेवढ्यात ती बोलायला लागली. तिच्या भाषेत, भराभरा, थांबतच नव्हती. आईबद्दलच असणार, दुसरं काय. मी मराठीत "हो गं... हो ना" करत राहिले. मग मीही सांगितलं. माझी आई गेली तेव्हा मी भाजी चिरत होते, फोन खाली ठेवला आणि उरलेली भाजी पुरी चिरली, ते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिला एक शब्द कळला नसेल. तिने चादर टाकली आणि मला असं कवटाळलं की माझी हाडं मोजून घेतली असती कोणी!

बाहेर आले तर हे जिन्यात बसलेले. "इतका वेळ काय सांगत होतीस तिला?"
"काही नाही. चादरींच्या घड्या घातल्या."
ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातल्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

३ मे
ट्रकवालीने आज सगळी भांडी नळाखाली विसळली. मी बघतेय असं पाहून जीभ दाखवली.

२५ मे
हे आणि मी मागच्या अंगणात ओट्यावर बसलो होतो. ह्यांच्या हातात ब्रश, बादली शेजारी. म्हणाले, "एक विचारू? तू रागावू नकोस."
"विचारा."
"मला देवाने बोलावलं की कंटाळ्याने?"
मला आधी कळलंच नाही. म्हणाले, "बँकेत शेवटी शेवटी कोणी मला विचारत नव्हतं. नवी पोरं, नवे संगणक. चर्चच्या मंडळीत मात्र उभा राहिलो की लोक ऐकायचे. मला ते आवडायचं गं. ते सुखच मी हाक समजलो की काय? आणि तुला घरातून उठवून आणलं."

तीन महिन्यांपूर्वी हेच वाक्य मी सोन्याच्या ताटात घेतलं असतं. चला तर मग घरी, म्हणाले असते.  आता घरी जायचा विचारच नकोसा वाटला! मला! सकाळचा तो तास, चादरींचा वास, ती दांडगी बाई, मोठ्या बाईंचा चष्मा. कशावरच पाणी सोडवेना.

शेवटी म्हटलं, "कशाने का बोलावलं असेना, आलो ते बरं झालं." ह्यांनी ओल्या हाताने माझा हात धरला. फिनेलचा वास. आभार, प्रभू. इतक्या वर्षांत हे माझ्यापाशी असं कधी बोलले नव्हते.

८ जून
मुलाखती. कोणाला कुठे पाठवायचं ते ठरवायला, दोघांच्या वेगवेगळ्या. ह्यांची आधी, बराच वेळ. बाहेर आले ते डोळे पुसत, पण चेहरा हलका.

मग मी. मोठ्या बाईंनी विचारलं, "अजूनही कोणी बोलावलं नाही?"
"आवाज वगैरे नाही आला, बाई."
"मग काय आलं?"
"काम आलं," म्हटलं. "समोर आलं की हात जातो. आणि हल्ली इथून जावंसं वाटत नाही. पण लेक आहे, बाई. ती रोज विचारते, कधी येणार."
"तुम्ही काय सांगता?"
"बघू म्हणते."
त्यांनी चष्मा काढला. "मलाही फार वर्षांपूर्वी माझ्या आईला हेच सांगावं लागलं होतं," म्हणाल्या. 

९ जून
लेकीला सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग, "आई, तुझा आवाज बदललाय." चांगला की वाईट, विचारलं. "माहीत नाही गं. मोठा झालाय." आणि नाक ओढलं. मीही.

१५ जून
अजून निकाल नाही. हे निवांत! शिट्टी वाजवत जिना झाडतात. मीच आपली दर पावलाला दाराकडे बघते.

२१ जून
मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. त्यांची एक मैत्रीण दूरच्या गावात घर चालवते. ज्यांना कोणी नाही आणि ज्यांचे शेवटचे दिवस आलेत, अशी माणसं तिथे असतात. शेजारी बसणारं माणूस हवंय. म्हणाल्या, "नेमणूक, सिस्टर, तुमची. ब्रदर सोबत येतील, घराची व्यवस्था बघतील. हे त्यांनीच मुलाखतीत मागितलं. हिला पाठवा, मी हिच्याबरोबर जाईन, असं म्हणाले."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते, मी काय ठरवते ते ऐकायला.

"जाऊ," म्हटलं.