कोऱ्या चौकटीतलं उत्तर

ती. दादास,

धाकटीचा लांबूनच नमस्कार. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. काळजी करू नकोस म्हणून आईला सांग.

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांचं घरी राहून करणाऱ्यांना मी पदवीच्या अहवालासाठी प्रश्नावल्या पाठवल्या होत्या ना, त्या सगळ्या परत आल्या. नावं नव्हती, पण तुझी हिरवी शाई मी कुठेही ओळखेन. सगळं भरलंस आणि एकच प्रश्न कोरा सोडलास: 'ही जबाबदारी दुसऱ्या कुणी घ्यायला हवी होती, असं वाटतं का?'

तू एकटा नाहीस. निम्म्याहून जास्त लोकांनी नेमका तोच प्रश्न सोडलाय. मी सरांना म्हटलं, हा कोरेपणा हेच उत्तर आहे. ते म्हणाले, "कोऱ्या जागेवर गणित चालत नाही. ज्यांनी उत्तर दिलंय त्यांची सरासरी काढ आणि सगळीकडे भरून टाक."

भरली. सरासरी 'नाही'कडे झुकली. सर खूश. म्हणे, घराघरांत अजून माया आहे! डोंबलाची माया!

आईला कुशीवर वळवताना अजून एकटाच असतोस का? तुझी कंबर कशी आहे? 'बरी आहे' एवढंच लिहून मोकळा होऊ नकोस.

अहवाल काल मंजूर झाला. त्यात तू 'नाही' म्हणाला आहेस. तुझ्या वतीने ते मी लिहिलं. आणि त्या प्रश्नातलं 'दुसरं कुणी' म्हणजे आपल्या घरात मी सोडून आहेच कोण?

तुझ्या 'नाही'वर पदवी घेणारी,
धाकटी