खुर्ची सोडली की नाव गेलं

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९३

करायला नको होतं. केलं. मजा आली!

हॅल्व्हरसन कॉफी आणायला उठला आणि कॉम्प्युटर तसाच चालू. विद्यापीठाची ही लॅब तोच चालवतो, आणि नियमही त्याचाच – खुर्ची सोडली की नाव गेलं. मागून जो बसेल तो त्या नावानं काय वाट्टेल ते लिहिणार. माझ्या नावानं किती प्रेमपत्रं गेलीत, मलाच ठाऊक!

मग बसलो. नेटवर जगभर वाचतात त्या चर्चेच्या फळ्यावर त्याच्या नावानं ठोकून दिलं – पुष्कळ व्हायरस म्हणजे ‘व्हायराय’. ‘व्हायरसेस’ म्हणेल तो गाढव. वर ‘मी इतकी वर्षं चुकत होतो’ अशी कबुलीही.

हाच माणूस! कुणी ‘व्हायराय’ म्हटलं की अख्ख्या खोलीदेखत सोलून काढतो. लॅटिनमध्ये असलं रूपच नाही म्हणे, अडाण्यांनो.

बुधवार, १०

उत्तरांचा पूर. फिनलंडहून कुणीतरी अभिनंदन केलंय. लीड्सच्या एका मास्तरानं शिव्या घातल्यात – लॅटिनमध्ये! हसून हसून पोट दुखलं.

गुरुवार, ११

हसू गेलं.

म्हाताऱ्या हॅल्व्हरसनचा संशय लोरेटावर. ती पीएचडी करते, आणि त्याला चिडवायला मुद्दाम तोंडावर ‘व्हायराय’ म्हणते. त्यानं तिचं खातंच बंद केलं. प्रबंध आत अडकलाय. सोमवारी द्यायचाय. नाही दिला तर वर्ष गेलं.

ओरडली नाही ती. माझ्या शेजारी बसून डब्यातला बटाटा-खिम्याचा गार हॉटडिश चमच्यानं ढकलत राहिली. म्हणाली, “खुर्ची सोडली त्यानं, आणि नाव गेलं माझं.”

मी बुटांकडे बघत बसलो.

पण त्याच्या पाया पडणार नाही. नियम त्याचा ना? मग भोग!

शुक्रवार, १२ – सकाळ

फळ्यावर लिहून टाकलं, माझ्या नावानं – ते मी केलं, लोरेटानं नाही.

कुणी विश्वास ठेवेल तर शपथ! जो तो विचारतो, खुर्ची सोडली होतीस वाटतं? हॅल्व्हरसन तर पाठीवर थाप मारून गेला. “क्लेटन, उठताना बंद करत जा रे.”

जन्मात एकदा खरं बोललो, तर ही गत.

शुक्रवार – संध्याकाळ

त्याच्या खोलीत घुसलो. दार लावलं. सांगितलं, मीच. तो हसला. मैत्रिणीला वाचवतोयस, चांगला आहेस, म्हणाला.

मग जे बोलायचं नव्हतं ते बोललो.

“मी बसलो तेव्हा तुमच्या पडद्यावर लॅटिनचा पहिला धडा होता, सर. एकवचन, अनेकवचन. अर्धी उत्तरं चुकलेली.”

कॉफीचा कप तोंडाशीच थांबला. मग त्यानं कीबोर्ड ओढला. लोरेटाचं खातं उघडलं, माझं बंद केलं. जूनपर्यंत. करू दे! मी नाही घाबरत.

दाराशी पोचलो तर मागून हळूच म्हणाला, “आमच्या गावच्या शाळेत लॅटिन नव्हतं रे. आत्ताशी लागलोय शिकायला.”

शनिवार, १३

लोरेटाचा प्रबंध छापून होतोय. विचारत होती, काय जादू केलीस? म्हटलं, रडलो.

हॅल्व्हरसन आज परत खुर्ची सोडून गेला. पडदा चालू. दुसरा धडा.

खोली भरायच्या आत मी बंद करून आलो. काहीही न लिहिता. मी!

कुणाला सांगू नकोस, पाया पडतो. माझी इज्जत जाईल.