तू शेवटी जेवायचीस

माय, आज एका बाईवर मी इतकी ओरडले, की डॉक्टरांनी मला पाणी पिऊन यायला बाहेर पाठवलं. एटापल्लीच्या पुढं एका गावात तोंडाच्या तपासणीचं शिबिर होतं. मी नर्स झाले, हे तू पाहिलं नाहीस. दहावीवरच ट्रेनिंगला चंद्रपूरला गेले तेव्हा तू दारात उभी होतीस, संपवून परत आले तेव्हा नव्हतीस. तर त्या बाईला म्हटलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. निरोगी माणसाची सहज जातात. तिचं एकच गेलं. "उन्हाचं झालं असन, बाई," म्हणाली आणि हसली, आणि पदराच्या गाठीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी तशीच होती. ओरडायचं होतं तुझ्यावर. तू हाती लागत नाहीस, म्हणून ते तिला ऐकावं लागलं.

तुझ्या हातचा खर्रा मजूर बायांच्या साऱ्या टोळीत नावाजलेला. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधावर बसून तू सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घेऊन लाकडाच्या पाटीवर खसाखसा घोटतेस, आणि बाया चिखलाचे हात पुढं करून उभ्या आहेत. सामान शेतमालकाचं. मोठा दिलदार माणूस म्हणायच्या सगळ्या! दिलदार कसला? खर्रा तोंडात असला की भूक लागत नाही, मग न्याहारीला कोण बसतंय? आणि तुम्ही त्याला दुवा देत ओणव्याच्या ओणव्या. सहावीत माझी दाढ दुखली, तेव्हा तू चिमूटभर तंबाखू माझ्याही दाढेखाली दाबलीस. मला गरगरलं, अंगणात भडाभडा ओकले. तू पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "पयल्यांदा असंच होते पोरी, मंग सवय होते." तुझ्या मनात पाप नव्हतं, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर राग जात नाही. पाप असतं तर एकदा शिव्या देऊन मोकळी झाले असते.

बाबा तलावावरून मासे आणायचे आणि तू रस्सा असा करायचीस की खाणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. वर स्वतः हिरवी मिरची कचाकचा चावायचीस. मग कधीतरी रस्सा मिळमिळीत व्हायला लागला. "काऊन वं, मिरचीले महागाई आली का?" बाबा चिडवायचे. तू म्हणायचीस, पोरांच्या पोटाला सोसत नाही. आम्हा पोरांना काय धाड भरली होती? आमचं सगळ्यांचं झाल्यावर तू चुलीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून जेवायला बसायचीस. बायांची रीतच ती. शेजारीपाजारी कौतुक करायचे, "घरचे जेवल्याबिगर ह्या बाईच्या पोटात घास नाई जात." घास जातच नव्हता, माय! पण शेवटी जेवणाऱ्या बाईचं तोंड किती उघडतं, हे बघायला मागं उरतंच कोण? सासूसुनांनी जपलेल्या त्या रीतीनं तुझं दुखणं झाकून ठेवलं, आणि तूही त्या रीतीआड मजेत लपलीस.

दहावीचं वर्ष होतं. शाळा लवकर सुटली आणि मी भर दुपारी घरी आले. तू चुलीजवळ बसली आहेस. ताटलीत पाण्यात कुस्करलेला भात. तू तो एका बोटानं दातांच्या फटीतून आत ढकलते आहेस, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि दुसऱ्या हातानं ओढून धरलेल्या गालाच्या आतला चट्टा पांढराफटक दिसतोय. मी दारातच, दप्तर खांद्यावर. तू पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "बाबाले सांगू नोको. रोवणी होऊ दे, मंग पाहू." रोवणी झाली. धान कापून झालं. माझी परीक्षा झाली, निकाल लागला. तू दुखण्याकडं काही पाहिलं नाहीस. मी ट्रेनिंगला गेले, आणि शेवटी गालावर सूज आली तेव्हा बाबांनी तुला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता? बाबा म्हणाले, "साहेब, तिनं दिसूच नाई देलं." त्यानंतर तू चार महिने होतीस.

बाबा थकलेत आता. माझ्याकडं राहतात, तलाव नाही तरी जाळं विणत बसतात. अधूनमधून हात थांबवून विचारतात, "आपल्याले कोनालेच मालूम नव्हतं ना, बाई?" आणि मी दर वेळी मान हलवते. नव्हतं, बाबा.

तू सांगू नको म्हणालीस म्हणून मी गप्प राहिले, असं मी इतकी वर्षं स्वतःला पढवत आले. तुझं मी कधी ऐकलंय? खर्रा सोड म्हणून तुला आणि दुखणं बाबांना सांगायला तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, पण मला दुसरंच दिसत होतं. बाबांना सांगितलं तर ते तुला नागपूरला नेतील, मग चूल, धाकटी भावंडं, टोळीतली तुझी जागा, सगळं माझ्या गळ्यात येईल आणि दहावी जाईल. पंधराव्या वर्षी एवढं बरोबर कळत होतं मला. दारातून आत येईपर्यंत माझं ठरलंसुद्धा होतं. तुझं तोंड त्या दिवशी मीही बंद ठेवलं, माय. तुझ्यावरचा सगळा राग खरा आहे, त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही. पण त्या बाईवर ओरडताना मला चुलीजवळची तू दिसत नव्हतीस. दारातली मी दिसत होते.

हे बाबांना वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता कागद पेटीच्या तळाशी ठेवते आहे. ते पुन्हा विचारतील, आणि मी पुन्हा मान हलवीन.