आकड्यानं सुरू होणारं नाव

१२ जानेवारी
शिलाईच्या दुकानाच्या वेबसाइटवर टाकलेली नवी चौकट काही निळी होईना! बाकीच्या होतात. ही वेबसाइट शगुफ्तानं बनवली — माझी लेक. आठ महिने झाले तिला जाऊन. पुण्यात नोकरी लागली म्हणाली, मी गिऱ्हाइकांदेखत ओरडलो, "गेलीस तर तोंड दाखवू नको." गेली. नंबरही बदलला.

१३ जानेवारी
शेजारच्या झेरॉक्सवाल्या रूपेशला दाखवलं. हसला. "काका, तुमी चौकटीला नाव दिलंय 34-ब्लाउज. स्टाइलशीटमधलं, म्हंजे रंगरूप ठरवणाऱ्या फाइलमधलं नाव आकड्यानं सुरू होत नाय. आधी अक्षर पायजे, मग आकडे कितीबी टाका." मधे मोकळी जागाही चालत नाही म्हणे. मराठी मात्र चालतं. ते मला दिसतंच होतं — तिनं दिलेली सगळी नावं मराठी. निळी-पट्टी. मापं. एक आहे अब्बांचा-फोटो.
उठून पाणी प्यायलो.

१५ जानेवारी
ब्लाउज-34 लिहिलं की झालं. पण माझा हट्ट! आधी माप, मग कपडा — चाळीस वर्षं वहीत असंच लिहितो. आकड्याच्या आधी नुसती आडवी रेघ टाकली: -34-ब्लाउज. आता आकड्यानं कुठे सुरू होतंय? तरी चौकट पांढरीच.
बायको, शकिला, भाकऱ्या थापत म्हणाली, "तुमीच हाकललं, तुमीच बोलवा."
कुठे बोलवू? शेवटी भिसेगावात तिच्या मैत्रिणीकडे, भाग्यश्रीकडे गेलो. खूप विनवलं तेव्हा पत्ता दिला. "पण काका, घरचा विषय काढला की ती गप्प बसते."

१६ जानेवारी
जेवण गेलं नाही.

१८ जानेवारी
पुण्याला जाऊन आलो. शगुफ्ताचा आवडता पिवळा ड्रेस शिवून नेला होता, जुन्या मापाचा. घरमालकीण म्हणाली, "ती गेली हो महिन्यापूर्वी खोली सोडून. आपण कोण?"
बाप म्हणायला जीभ रेटेना. "टेलर," म्हणालो.
ड्रेस तसाच परत आणला. शकिलानं पिशवी बघितली फक्त.

२० जानेवारी
दुकान उघडलं — चौकट निळी! मी हात लावला नव्हता. रूपेश दोन दिवस पळसदरीला, बहिणीकडे. वेबसाइटचा पासवर्ड माझ्याशिवाय आणखी एकीलाच ठाऊक. फाइल उघडली. वर एक ओळ, गिऱ्हाइकांना पानावर न दिसणारी:
"अब्बा, रेघेच्या मागोमागही आकडा चालत नाही. पाच दिवस बघतेय."