एर्लेंडने घातलेली शपथ

ओलाफ संताच्या सणानंतरचा शुक्रवार,
निदारोस बंदर

प्रिय वहिनी,

सर्वांना नमस्कार. मी धडधाकट आहे. तिकडे ऑर्कनीत गवत कापून झालं असेल. इंगा चालायला लागली का? इथे हवा बरी आहे.

हवेचं काय घेऊन बसलो. सकाळपासून लिहायला बसतो आणि उठून धक्क्यावर जातो. हे पत्र एकटीनेच वाचा.

आम्ही उतरलो तेव्हा किनाऱ्यावर नुसत्या मेंढ्या होत्या. 'एर्लेंड, तू ये, बापाच्या गादीसाठी सारा प्रांत उठेल,' म्हणणारे सरदार कुणीच फिरकले नाहीत. एका म्हातारीने आपल्या एर्लेंडला ताक दिलं. म्हणाली, "तू कुठला राजा रे? मागचा की पुढचा?"

"अजून कुठलाच नाही, आजी."

"मग पी आणि परत जा. माझे दोन मुलगे राजांनीच खाल्ले."

लढाई पुलापाशी झाली. लढाई कसली, जेवणवेळेआधीच आटोपली. आम्ही बरेचसे जिवंत सापडलो. मिठाच्या कोठारात कोंडलं. मग राजाचा सरदार गुट्टोर्म आला.

"तुला मारलं तर तुझ्या नावाने दुसरा उभा राहील," तो एर्लेंडला म्हणाला. "मुंडण कर, दावा सोडल्याची शपथ घे, मठात जा. ही माणसं घरी जातील. नाहीतर उद्या सगळे फासावर."

"माझी बायको आहे."

"संन्याशाला बायको नसते."

एर्लेंडने आमच्याकडे पाहिलं. मी मानेने नको म्हटलं, वहिनी. पण हाताने मी माझा गळा चाचपत होतो, ते त्याला दिसलं असणार.

"कात्री आणा," तो म्हणाला.

निघताना त्याने मला शपथ घातली. "तिला सांग, मी पुलावर पडलो. ती दुसरं लग्न करील. पोरीला बाप मिळेल." मी हो म्हटलं. ती शपथ आज मोडतोय.

तो जिवंत आहे. खाडीतल्या बेटावरच्या मठात मासे साफ करतो. भिंत कमरेएवढीच आहे, पण तो ओलांडणार नाही; ओलांडली तर आम्हाला शोधून मारतील. तुम्ही आलात तर भेटू देणार नाहीत. होडीतून दिसेल फक्त. या म्हणवत नाही, येऊ नका असंही म्हणवत नाही.

पत्र पुढे धाडतोय, मागून निघणाऱ्या जहाजाने मी येतोय. दार उघडलंत तर आत येईन.

त्याच्या जिवावर जगणारा
तुमचा दीर,
तोर्गिल्स