चारशे सतरा नंबरचा खटका

प्रिय मधू,

तुझं एक वाक्य अख्ख्या टूलरूमला पाठ होतं. कोणी इन्स्पेक्शनच्या टेबलापाशी येऊन काही समजावायला लागला, की तू चष्म्यावरून बघायचास आणि म्हणायचास, "तोंडी नको, लेखी दे." घे, लेखी देतोय. सात वर्षं जे तोंडी जमलं नाही ते आज लिहितोय, कारण परवा कुसुमवहिनी आणि तुझी पोरगी नीला तुझं पिस्तूल घेऊन माझ्या घरी आल्या होत्या.

तुझं वर्षश्राद्ध होऊन पंधरा दिवस झालेत. वहिनींनी ती लाकडी पेटी माझ्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "याकूबभावजी, नीलाला कॉलेजच्या नेमबाजीच्या टीममध्ये घेतलंय. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. हे एकदा उघडून बघाल का? तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे न्यायचं म्हटलं तर हे वरून ओरडतील." तुला वाटेल, पेटी बघून याकूब रडला असेल. नाही रे. मी घाबरलो होतो.

कशाला, ते सांगतो. पण माझ्या पद्धतीनं सांगू दे, मध्ये टोकू नकोस.

आपली ओळख कशी झाली आठवतं? हायवेला निम्म्या कंपन्यांच्या भिंतीसुद्धा उभ्या राहायच्या होत्या. मी चाकणहून सायकल मारत यायचो, तू चिपळूणकडून आलेला, आकुर्डीला खोली घेऊन राहिलेला. मी टूलरूममध्ये फिटर, तू इन्स्पेक्शनला. मी बनवलेलं पहिलंच मापं तपासायचं गेज तू माझ्या तोंडावर रिजेक्ट केलंस. ब्रश घेतलास, लाल रंगाचा ठिपका लावलास आणि पुढचा जॉब उचललास. पास झालेल्या जॉबला हिरवा ठिपका, नापासाला लाल, एवढाच तुझा कारभार. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी तुला काय काय नावं ठेवली ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं राहू दे.

आणि मग गुरुवारच्या सुट्टीला मी तुझ्या खोलीवर यायला लागलो, ते त्या पिस्तुलापायी. मशिनी बसवायला आलेला जर्मन साहेब परत जाताना तुला देऊन गेला होता. हवेवर चालणारं, स्पर्धेचं. शिशाचा छर्रा, दहा मीटरवर कागदाचं निशाण. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो होतो, की एवढा शिकलेला माणूस कागदाला भोकं पाडत बसतो. तू पिस्तूल माझ्या हातात दिलंस. माझा छर्रा निशाण सोडून मागच्या फळीत गेला. मग मी हसायचा थांबलो.

किती गुरुवार घालवले आपण त्याच्यामागं! पेपर पसरायचा, स्क्रू एका बशीत, पिना दुसऱ्या बशीत. स्प्रिंग मेली की नवी, वॉशर विरला की नवा. साहेबानं दोन्ही जास्तीचे देऊन ठेवले होते. नव्हता तो फक्त खटका. चापाच्या आतला तो नखाएवढा पोलादी तुकडा, जो ताणलेली स्प्रिंग अडवून धरतो. तो झिजेल असं त्या साहेबालाही वाटलं नसावं. पण तुझ्यासारखा माणूस रोज शंभर छर्रे मारणार, मग पोलाद तरी किती दिवस टिकणार?

झिजला. तू हात वर नेतोयस तोवरच पिस्तूल सुटायला लागलं. स्पर्धेत उभं राहायच्या आधी चापाला अर्धा किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात, आणि त्या वजनानं चाप सुटला तर तिथूनच घरी पाठवतात. आपण वाण्याकडून वजन आणून लावलं. उचलायच्या आतच सुटलं. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. तुझा चेहरा मी विसरलेलो नाही. मी म्हणालो, मी बनवतो. तर तू काय म्हणालास?

"ओरिजिनलच पाहिजे, याकूब. गावठी काम याच्यात घालायचं नाही."

गावठी! भोसरीपासून चाकणपर्यंत कोणी माझ्या हाताला गावठी म्हटलं नव्हतं. मला इतका राग आला की तिथल्या तिथं एक थाप मारली. म्हणालो, मुंबईला एका दुकानदाराकडे असाच एक पीस पडून आहे, ओरिजिनल जर्मन, मी आणतो. बाहेरून पार्ट मागवायचा म्हणजे परवाना, अर्ज, कस्टमच्या चकरा, वर्ष गेलं असतं. तुला विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि तू ठेवलास.

मुंबईला कोण गेलं होतं? मी भोसरीला ओळखीच्या सादिकच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये होतो. दोन गुरुवार. पहिला खटका तापवून पाणी देताना तडकला. दुसऱ्याची धार घासता घासता गेली. तिसरा जमला. मधू, कसम घेऊन सांगतो, त्याच्याइतकं चांगलं काम मी कंपनीसाठीसुद्धा कधी केलं नाही. भरपूर वंगण फासलं, मेणकागदात गुंडाळला, दिसायला अगदी बोटीतून उतरल्यासारखा. तुझ्यासमोर बसवला. वजन लावलं. टिकलं. तू माझा खांदा दाबलास आणि म्हणालास, "बघ, ओरिजिनल ते ओरिजिनल." मी मनातल्या मनात हसत होतो.

पुढच्या गुरुवारी सादिकच्या शेडवर गेलो, तर बाकावर आकडे ठोकायचे तीन पंच पेटीबाहेर पडलेले. चार, एक आणि सात.

टूलरूमचा नियम तुला माहीतच आहे, ज्यानं जॉब बनवला त्यानं आपला टोकन नंबर त्यावर ठोकायचा. बारा वर्षं तेच केलं, हाताला सवय झालेली. घासून झालं, पंच उचलले, ठोकले, पुढं. डोक्याला पत्ताच नाही! आणि माझा नंबर पोटात घेऊन ते ओरिजिनल जर्मन पिस्तूल स्पर्धेला निघालेलं.

तू मेडल आणलंस. पेढे वाटलेस, आणि प्रत्येकाला सांगितलंस की पार्ट मुंबईहून याकूबनं आणला. मी पेढा खाल्ला. कसा गिळला ते मलाच माहीत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मेडल गळ्यात असलेल्या माणसाला कसं सांगायचं, की ज्या कामाला तू गावठी म्हणालास त्यावरच हे आलंय? तो टोमणा झाला असता, आणि खोटेपणा तर होताच. म्हणून मी ठरवलं, पिस्तूल उघडायची वेळ येईल तेव्हा आपणच उघडायचं आणि गुपचूप नंबर घासून टाकायचा. तर पुढच्याच वर्षी तू स्क्रू-ड्रायव्हरचा सेट विकत घेतलास. म्हणालास, "आता मीच करत जाईन. तुला किती त्रास द्यायचा?" मी दहा वेळा म्हणालो, त्रास कसला, आण इकडे. तू ऐकलं नाहीस. मला वाटलं, संपलं. यानं बघितला नंबर. तुझं तोंड न्याहाळत बसलो, पण तुझ्या तोंडावरून कधी कोणाला काही कळलंय का?

मग ती शेवटची स्पर्धा. तुझे छर्रे कुठल्या कुठं गेले. परत येताना बसमध्ये मी विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "हात थरथरला रे." एवढंच. आणि मी ते मानलं नाही. मला वाटलं, माझा खटका गेला, अवेळी सुटला, आणि हा भला माणूस मला सांभाळून घेतोय. त्यानंतर तू पिस्तूल पेटीत ठेवलंस ते ठेवलंसच. पुढं चहा पिताना तुझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला, तरी मी स्वतःला सांगायचो, हे आत्ताचं, तेव्हाचं नाही. दवाखान्यात तुझ्या उशाशी किती वेळा बसलो. दर वेळी ठरवून यायचो. आणि बोलायचो काय, तर ओव्हरटाइम आणि नवा मॅनेजर. त्याची मला फार लाज वाटते, मधू.

तर परवा पेटी उघडली. पहिल्यांदा दिसलं ते कोपऱ्यातलं पुडकं. तपकिरी कागद, परदेशी तिकिटं. वहिनी म्हणाल्या, "ते त्या जर्मन साहेबांनी पोस्टानं पाठवलेलं. मेडलनंतर दुसऱ्या वर्षी." कागदावरून बोट फिरवलं आणि हाताला कळलं, खटका आहे. माझं खोटं उघडं पडल्याशिवाय तू साहेबाला कशाला लिहिशील?

पण पुडकं फोडलेलं नव्हतं.

मी पिस्तुलाच्या बाजूची पट्टी काढली. वंगण काळं पडून घट्ट झालं होतं, पण खटक्यावरचे आकडे पुसट दिसत होते. नीलाची नजर तुझीच आहे. ती वाकून म्हणाली, "काका, चारशे सतरा म्हणजे काय? जर्मनीचा पार्ट नंबर का?"

नुसतं व्हय म्हणालो असतो तर तिथंच सुटलो असतो. शब्द ओठावर आलाही होता. पण ही पोरगी याच्या भरवशावर उभी राहणार, आणि तिलाही मी तेच सांगू?

"न्हाई गं," मी म्हणालो. "तो माझा टोकन नंबर आहे. हा खटका मी बनवलाय. मुंबई-बिंबई काही नाही. तुझ्या बापाला मी खोटं सांगितलं होतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली मान घालून रॉकेलचा बोळा घेतला आणि खटका पुसायला लागलो, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. काळं वंगण निघालं, नंबर लख्ख झाला. आणि त्याच्या शेजारी एक ठिपका दिसला.

हिरवा.

"हा कसला रंग?" नीलानं विचारलं. तिनं पुन्हा विचारलं तेव्हा कसंबसं सांगितलं, "पास झाला. तुझ्या बापानं पास केलाय." तेवढं बोललो आणि मग रडलो, पोरीसमोर, खुशाल. वहिनीही डोळे पुसत हसायला लागल्या. म्हणाल्या, "कंपनीतला रंग घरी कशाला आणला म्हणून मी भांडले होते यांच्याशी. म्हणाले, एक जॉब बाकी राहिलाय."

मी नीलाला वाण्याकडे पिटाळलं. ती अर्धा किलोचं वजन घेऊन आली. तारेनं चापाला अडकवलं, पिस्तूल उभं धरून सावकाश उचललं. वजन जमिनीवरून वर आलं आणि लोंबकळत राहिलं. खटका सुटला नाही. तीन वेळा केलं. मग नीलाला करायला लावलं. भिंगातून धार बघितली, सरळ आहे.

म्हणजे त्या दिवशी बसमध्ये तू खरंच बोलत होतास. तुझा हातच थरथरला होता. मी खोटं बोललो होतो, म्हणून मला तुझं खरंही खोटं वाटत राहिलं. दुखणं तुला तेव्हापासूनच होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण मधू, माझ्या कामानं तुला दगा दिला नाही. हे कळल्यापासून मला किती हलकं वाटतंय, काय सांगू? परवा मी पोटभर जेवलो. आमच्या घरातली विचारत होती, आज काय विशेष?

आता तुझ्यावरचा राग. ठिपका लावलास, चांगलं केलंस, पण सांगायचं कोणी? लावलास तोही अशा जागी, जी मी उघडल्याशिवाय दिसणार नाही, आणि माझ्याकडे उघडायला आणणं तर तूच बंद केलंस. का रे? माझी मान खाली जाऊ नये म्हणून? तेव्हापासून तू 'ओरिजिनल' हा शब्द कधी तोंडातून काढला नाहीस, तेही मला परवाच लक्षात आलं. साहेबाचा पार्ट घरात असताना माझा ठेवलास. एकदा शिवी तरी द्यायचीस. आपण दोघं हसलो असतो आणि माझी ही सात वर्षं वाचली असती.

जाऊ दे. तुझ्याशी भांडून आजवर कोण जिंकलंय?

आता शब्द देतो, आणि लेखी देतो. साहेबाचं पुडकं पेटीत होतं तसंच ठेवलंय. दर वर्षी नीलाच्या समोर पिस्तूल उघडीन, वजन तिच्या हातानं उचलायला लावीन. ज्या दिवशी माझा खटका सुटेल, त्या दिवशी मी माझ्या तोंडानं सांगीन की याकूबचं काम झिजलं, आणि लाल ठिपका मीच लावीन. पुडकं तेव्हाच फुटेल.

तोवर तुझी पोरगी यावरच उभी राहील. आणि कोणी विचारलं की पार्ट कुठला, तर काय सांगायचं ते तिला माहीत आहे.

तुझा,
याकूब
टूलरूम, टोकन नंबर ४१७